न आलेला वास

सकाळची एसटी कट्टा गावाहून सुटते, कसालला थोडा वेळ उभी राहते आणि हायवेला लागून ओरोसला पोचते. कचेरीत लागल्यापासून मी याच गाडीने जाते-येते. गेल्या वर्षापासून या गाडीत मला अधूनमधून एक वास येतो. गोडसर आणि कुजका, फणस फुटून पडून राहिल्यावर येतो तसा, पण त्याहून जड. पहिल्या आठवड्यात मी सगळं तपासलं. शेजारणीच्या पिशवीत काय आहे, मागे कुणी सुकी मासळी घेऊन बसलंय का, माझ्याच डब्यातलं कालवण विटलंय का. काही नव्हतं. वास दोन-चार मिनिटं राहतो आणि जातो. शेजारची बाई खिडकीबाहेर बघत निवांत बसलेली असते. तिला काही आलेलं नसतं. मग मी सवयीने तिच्या पायांकडे बघते.

हा वास माझ्या वडिलांच्या पायाचा आहे. बाबा जाऊन आता वर्ष होऊन गेलं.

कुडाळला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, कोविडने नाकातल्या नसा मेल्या होत्या, त्या परत वाढताना चुकीच्या जोडल्या जातात, मग नसलेले वास येतात, घाबरू नका. मी त्यांना म्हटलं, "पण डॉक्टर, त्या पायाचा वास मला तेव्हा आलाच नव्हता. जो कधी आला नाही तो आता परत कसा येतो?" ते म्हणाले, "मग हा त्याच पायाचा कशावरून?" पण तो त्याच पायाचा आहे, याबद्दल मला तिळभर शंका नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि आमच्या पंचक्रोशीचे बौद्धाचार्य. आमच्यात लग्न, नामकरण, मयत, मयतानंतरचं जलदान, सगळे विधी बौद्धाचार्य करतो. पांढरा सदरा घालून बाबा विधीला बसायचे आणि गाथा संपल्या की थोडं बोलायचे. शाळेत मराठी शिकवायचे तसंच, खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं सावकाश. माणसाला सहा दारं असतात, ते सांगायचे. डोळे, कान, नाक, जीभ, कातडी ही पाच, आणि सहावं मन. नाक आहे, वास आहे, दोघांची गाठ पडली की वास घेणं घडतं. त्यापाठोपाठ बरं वाटतं किंवा वाईट वाटतं. त्यापाठोपाठ 'मला' बरं वाटलं, 'मला' वाईट वाटलं. हा 'मी' सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात पुढे जाऊन बसतो. लोक माना डोलवायचे. मयताच्या घरी माना डोलवण्याखेरीज माणूस करणार काय?

घरात मात्र ते मालवणीत यायचे आणि मग त्यांना चेव चढायचा. लहानपणी बांगडे तळताना मी नाक दाबून पळायला लागले की मला थांबवायचे. "वास खंय आसा गो? बांगड्यात काय नाकात?" बांगड्यात म्हटलं तर म्हणायचे, "मगे नाक दाबलंस तेवा खंय गेलो?" नाकात म्हटलं तर, "मगे बांगडो नसतानाय येवक व्हयो." आई स्वयंपाकघरातून ओरडायची की चेडवाक, म्हणजे मला, पयला जेवूक द्या, मगे बुद्ध करा. आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच.

कोविडचा ताप मला आला तेव्हा नाक गेलं. पार गेलं. फिनेल, कांदा, सुकी सुंगटं, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. बाबांना मी ते सांगितलं होतं. त्यांनी त्यावर अर्धा तास काळजी केली आणि अर्धा तास प्रवचन दिलं. मग दोन-तीन महिन्यांनी कट्ट्याच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, आले. मी एक घेतला, नाकाशी नेला, आणि वास आला. सुरंगीचा, पहिल्यासारखा. मला रडूच फुटलं. घरी येऊन दारातूनच ओरडले, "बाबा, वास इलो!" ते उठून आले आणि त्यांनीच तो वळेसर माझ्या केसात माळला.

तो वास आलेलाच नव्हता. हे आज कळतं. मला सुरंगीचा वास यायचा कारण मी सुरंगी बघत होते. चहाचा वास यायचा कारण कप समोर होता. डोळा बघायचा आणि मन जुन्या साठ्यातून वास काढून द्यायचं. जे दिसत नव्हतं त्याचा वास मला येत नव्हता, पण जो वास येत नाही तो आपल्याला येत नाही हे कळणार कसं? एकदा चुलीवर भात करपला आणि पडवीतून बाबांनी हाक मारली. मी म्हटलं, मोबाइलवर होते, लक्ष नव्हतं. दूध नासलं तर जिभेवर घेतल्यावर कळायचं. असल्या गोष्टींचा हिशेब कोण ठेवतं? माझं नाक बरं झालंय, हे मी ठरवून टाकलं होतं.

बाबांना साखरेचा आजार होता. तळपायांना काही कळत नसे. त्या वर्षी भातकापणी उरकली आणि वाडीतल्या विहाराची साफसफाई निघाली. विहारात जाताना चपला काढायच्या, म्हणून बाबा अनवाणी. तिथे चिऱ्याच्या दगडाचा एक टवका त्यांच्या तळपायात घुसला आणि त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी लादीवर रक्ताचे ठसे मी बघितले. दुसऱ्या दिवशी कट्ट्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, औषध दिलं, ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवलं. बाबा रिक्षात जाऊन बसल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. "दुखण्यावर जाऊ नका, त्यांना दुखणार नाही. रंगावरही जाऊ नका, या औषधाने सगळं तपकिरीच दिसतं. वासावर लक्ष ठेवा. वास यायला लागला की त्याच दिवशी घेऊन या. नाहीतर पंधरा दिवसांनी या."

मी मान हलवली. बाबांच्या पायाला स्पर्श कळत नव्हता आणि माझ्या नाकाला वास. दोघांची शरीरं एकत्र केली तरी एक धड माणूस होत नव्हता, आणि त्या जखमेची राखण आम्ही करत होतो.

रोज सातला कचेरीतून आले की हातपाय धुऊन मी त्यांचा पाय मांडीवर घ्यायची. पट्टी सोडायची, कोमट पाण्याने पुसायचं, औषध लावायचं, नवी पट्टी. रोज वाकून वास घ्यायची. अगदी जवळ जाऊन. औषधाचा वास यायचा, कारण औषधाची बाटली समोर होती.

याच दिवसांतली दुसरी गोष्ट सांगायला हवी, ती सांगायची मला लाज वाटते. वहाळापलीकडे, ओढ्याच्या पल्याड, एक काकी राहतात. शेतकरी कुळवाडी घर, काजू आणि थोडा आंबा. त्यांचे यजमान बाबांबरोबर शाळेत शिक्षक होते. पूर्वी या घरची माणसं आमच्या वाडीत पाऊल टाकत नसत. बाबा आणि काकींचे यजमान एकाच शाळेत तीस वर्षं एकमेकांच्या डब्यातलं जेवले, तेव्हा कुठे हळूहळू काकी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आल्या, मग पडवीत, मग थेट स्वयंपाकघरात. पाटावर बसून चहा प्यायच्या, स्वतःच्या हाताने साखर घ्यायच्या. आई गेल्यावर मला मासे साफ करायला त्यांनीच शिकवलं. बाबांच्या पायाला लागल्यापासून मी कचेरीत असताना त्याच येऊन बघून जायच्या.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी घरी आले तर काकी पडवीच्या पायरीशी उभ्या. मी म्हटलं, "काकी, आत येवा, च्या टाकतंय." त्या म्हणाल्या, "आज नको गो. उपास आसा." उपासाला चहा चालतो हे सगळ्या सिंधुदुर्गाला माहीत आहे. आणि मग मी बघितलं. बाबा आत खोकले, काकींनी दाराकडे तोंड वळवलं आणि पदर उचलून नाकाला लावला.

डोळ्याने बघितलं ते एवढंच: एक बाई, पदर, नाक. बाकीचं सगळं माझ्या मनाने आणलं. गेल्याच महिन्यात त्यांच्या घरी नवी सून आली होती आणि तिच्या माहेरचे लोक फार सोवळ्याचे, असं मी ऐकलेलं होतं. झालं. माझ्या आजीला विहिरीपासून चार हात लांब उभं राहायला लागायचं आणि वरून कुणीतरी ओंजळीत पाणी ओतायचं. बाबांना लहानपणी शाळेत पहिली तीन वर्षं दाराबाहेर बसवलं होतं. त्यातलं काहीही माझ्या बाबतीत घडलेलं नाही, मी सरकारी नोकरीतली बाई, माझ्या टेबलाशी सगळ्या जातीचे लोक हात जोडून उभे राहतात. तरी त्या पायरीवर जो अपमान झाला तो शंभर टक्के माझा होता. बाबांनी विचारलं असतं, "कोणाचो अपमान? बघूया तेका, खंय आसा तो?" पण मी बाबांना सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिकची खुर्ची बाहेर नेऊन खळ्यात ठेवली. काकी आल्या तेव्हा म्हटलं, "हय बसा." मला वाटलं, ओशाळतील. त्या चक्क हुश्श करून बसल्या. "हयच बरा. वारो येता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या दिवशी मी कट्ट्याहून कागदी कपांचं पाकीट आणलं आणि त्यांना त्यात चहा दिला. आमच्या कपाचा विटाळ व्हायला नको. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने चहा प्यायल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. वाडीतल्या आमच्यातल्याच दोन बायकाही त्या दिवसांत अंगणातूनच चौकशी करून गेल्या, पण त्यांच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. त्यांना अंगणातच का थांबावंसं वाटलं हा प्रश्न मला पडला असता तर सगळंच कळलं असतं. पण मला कारण सापडलेलं होतं, आणि सापडलेल्या कारणावर मी खुश होते.

बाराव्या दिवशी बाबांना हुडहुडी भरून ताप आला. रिक्षाने ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या सिस्टरने पट्टी सोडायला घेतली, मग थांबली, दुसरा मास्क लावला आणि खिडकी उघडली. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "वास कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "वास नाही. मी रोज बघते."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने माझ्याकडे. त्या दोघांच्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक रुमाल तोंडाला बांधून उठून बाहेर गेला. मी वाकले आणि पायाशी नाक नेलं, अगदी टेकवलं म्हणा. काही नव्हतं. कोऱ्या कागदाचा घ्यावा तसा श्वास आत आला आणि बाहेर गेला. त्या क्षणी मला समजलं की माझं नाक कधीच बरं झालं नव्हतं.

पाय गुडघ्याखाली कापला. पाचव्या दिवशी बाबा गेले. विष रक्तात उतरलं होतं. शेवटचे दोन दिवस ते शुद्धीत नव्हते, त्यामुळे माझ्या नाकाचं त्यांना सांगायचं राहिलं. खरं म्हणजे त्याआधीचे तीन दिवस ते शुद्धीत होते आणि माझी हिंमत झाली नाही.

जलदानाला शेजारच्या गावचे बौद्धाचार्य आले. तेही सहा दारांविषयी बोलले. मी मान डोलवली.

महिन्याभराने वास यायला लागला. पहिल्यांदा घरात, संध्याकाळी सातला, पट्टी सोडायच्या वेळी. मी बाबांची खाट धुतली, चटया जाळल्या, लादी तीन वेळा फिनेलने पुसली. मग कचेरीत आला. मग एसटीत. भुताखेतावर माझा विश्वास नाही, तसं आमच्या घराचं वळणच नाही. पण सात वाजत आले की माझे हात आपोआप कोमट पाणी घ्यायला जायचे आणि मला पडवीकडे बघवायचं नाही. तिथे बाबा पाय पुढे करून बसलेले असतील, अशी नव्हे, तर ते बसलेले नसतील आणि वास मात्र येईल, अशी भीती.

हे मी कुणाला बोलले नव्हते. पण लादी धुण्याचा आवाज वहाळापलीकडे जातो. एका रविवारी सकाळी काकी आल्या. थेट पडवीत आल्या, खांबाला टेकून बसल्या. म्हणाल्या, "माका समाजता गो. गुरुजींचो कापलेलो पाय हयच रवलो ना. माणूस पुरो जावक नाय काय वाटेत रवता. राखणदार देवचाराक एक नारळ ठेवूया. तुमच्यात चलणा नाय ता माका म्हायत आसा. तू नको ठेवू, मी ठेवतंय. तुझा नाव घेवचंय नाय."

मी भडकले. आणि भडकले की मी कचेरीतल्या मराठीत बोलते. "बाबा जिवंत असताना आमच्या घरात पाय ठेवायला तुम्हाला विटाळ होत होता. नाकाला पदर लावून खळ्यात बसत होतात. आणि आता त्यांच्या नावाने नारळ ठेवायला आलात?"

काकींचं तोंड उघडंच राहिलं. "इटाळ? कसलो इटाळ गो?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या रडायलाच लागल्या. "वास येय गो. पायाचो. पायरेर इलंय काय भडभडान येय, माका उलटी होयत म्हणान मी भायर बसय."

"मग सांगलास नाय कित्या?" माझी भाषा परत घरी आली होती.

"काय सांगतलंय? तुमच्या घराक वास येता म्हणान? आमी? आमच्या माणसांनी तुमका काय काय म्हटल्यानी ता माका म्हायत नाय? ह्या तोंडान ता बोलवाक व्हया? आणि तू कागदाच्या कपातसून च्या दिलंस, तेवा तर मी भियालंयच."

माझा राग गेला आणि त्याच्या जागी काही आलंच नाही, नुसती पोकळी. एवढंच विचारलं, "बाबांकाय नाय सांगलास?"

"गुरुजींका सांगलंय मा. तू कचेरीत गेल्लंस तेवा. म्हटलंय, गुरुजी, लक्षण बरा नाय, वास येता. तर म्हणाक लागले, वास माका येता, पण चेडू रोज बघता, डॉक्टरांनी तिका सगळा सांगल्यानी हा." काकींनी पदराने डोळे पुसले. हा पदरही त्यांनी जपूनच उचलला. "आणि मगे हसले. म्हणाक लागले, वैनी, माझो पाय मांडयेर घेता तेवा तिचा तोंड बघलात काय? येदो वास, पण नाकार एक आठी पडणा नाय. वाकून पायाकडे नाक नेता. वास तो वास, तेका बरो-वायट आपण करतो, ह्या मी जल्मभर लोकांका सांगत इलंय, पण माका सोताक कधी जमाक नाय. तिका जमला. माझ्याच घरात, माझ्याच चेडवाक."

माझ्या नाकाचं मी काकींना सांगितलं नाही. त्या गेल्या, आणि जाताना म्हणाल्या की तुझ्यासारखं आम्हाला जमायचं नाही. नारळ त्यांनी ठेवला की नाही मी विचारलं नाही. वास अजून येतो. आता मी त्यापासून पळत नाही. आला की वाकून बघते, तेव्हा बघायची तसंच.

मला वास येत नाही, एवढं एकच जर बाबांना माहीत असतं, तर त्यांनी त्याच संध्याकाळी म्हटलं असतं, गो, पायाक वास येता, आणि मी त्यांना रिक्षात घालून नेलं असतं. ते बोलले नाहीत, कारण त्यांना माझा अभिमान वाटत होता.